वेबसाइट देखणी, पण फोन नंबर कुठंय?

धुळे-सोलापूर महामार्गावर शहागडजवळ गाडी पंक्चर झाली, असं समजा. चालक मोबाइलवर टायरचं दुकान शोधतो. वेबसाइट सापडते. आधी मोठमोठे फोटो फिरतात, मग मालकाचा इंग्रजीतला परिचय. नंबर अगदी तळाशी, तोही फोटोत. दाबला तरी कॉल लागत नाही. ग्राहक दुसरं दुकान शोधतो. दुकानदाराला हे कळतही नाही.

चूक इथंच होते. वेबसाइट बनते लॅपटॉपवर, ऑफिसच्या वायफायवर. उघडते मात्र मोबाइलवर, कमी रेंजमध्ये. गुगलनं २०१६ मध्ये सांगितलं होतं: पान उघडायला ३ सेकंदांहून जास्त लागले, तर मोबाइलवरच्या ५३ टक्के भेटी तिथंच संपतात. शोधातला क्रम ठरवतानाही गुगल आता साइटची मोबाइल आवृत्तीच बघतं.

मग हवं काय? पहिल्याच स्क्रीनवर चार गोष्टी: काय मिळतं, दुकान कुठं आहे, किती वाजेपर्यंत उघडं असतं आणि दाबताच कॉल लागेल असा नंबर. सगळं मराठीत, टाइप केलेलं. फोटो मोजके आणि हलके. बाकी सजावट नंतर.

माझं मत स्पष्ट आहे. पैसे देण्याआधी वायफाय बंद करा आणि साइट वडिलांच्या फोनवर उघडा. १० सेकंदांत त्यांना नंबर सापडला नाही, तर काम अजून पूर्ण झालेलं नाही.