बाजार महागला, कमाई कोणाची?

भांडवली वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर एक कोष्टक वरचेवर छापले जाते. डावीकडे देशांची नावे असतात आणि उजवीकडे दोन रकाने. पहिल्या रकान्यातील आकडा त्या देशातील शेअरांची किंमत कंपन्यांच्या वार्षिक नफ्याच्या किती पट आहे हे सांगतो. शंभर रुपयांच्या शेअरवर वर्षाकाठी किती लाभांश हाती पडतो, हे दुसरा आकडा सांगतो. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस निफ्टी निर्देशांक २६,२७७ ह्या उच्चांकाला पोचला, तेव्हा भारतापुढे पहिला आकडा २४ च्या आसपास आणि दुसरा सव्वा टक्क्याच्या आसपास होता. त्याच सुमारास लंडनच्या प्रमुख कंपन्यांचा लाभांश साडेतीन टक्क्यांच्या पुढे होता. ब्राझीलमध्ये शेअरांची किंमत नफ्याच्या दहापटही नव्हती, आणि दक्षिण कोरियातील बाजार कंपन्यांच्या पुस्तकी मूल्याच्या आसपासच घुटमळत होता. ह्या कोष्टकावरून आपल्याकडील अर्थपंडितांनी काढलेला निष्कर्ष सर्वांना पाठ आहे : जगाचा भारतावर विश्वास आहे, म्हणून जग भारतासाठी जास्त किंमत मोजते. मुंबईच्या शेअर बाजारातील कंपन्यांचे एकूण बाजारमूल्य मे २०२४ मध्ये ५ लाख कोटी डॉलरांच्या पलीकडे गेले, तेव्हा तर हा राष्ट्राच्या वैभवाचाच पुरावा असल्याचा गजर झाला.

ज्याच्या घरात एकही शेअर नाही अशा कामगाराने ह्या कोष्टकाकडे पाहावेच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की त्याला न विचारताच त्याला ह्या बाजारात उतरवण्यात आले आहे. केंद्रीय कामगार संघटनांचा विरोध डावलून भविष्य निर्वाह निधीतील नव्या रकमेपैकी ५ टक्के रक्कम ऑगस्ट २०१५ पासून शेअर बाजाराशी निगडित फंडांत जाऊ लागली. २०१६ मध्ये हे प्रमाण १० टक्के आणि २०१७ मध्ये १५ टक्के करण्यात आले. कापड गिरणीतला, कोळसा खाणीतला, बँकेतला आणि औषध कारखान्यातला पगारदार आज त्या दोन आकड्यांना बांधला गेला आहे. म्हणून ते आकडे काय बोलतात आणि काय लपवतात, हे त्याला कळलेच पाहिजे.

मार्क्सने 'भांडवल' ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात ह्या व्यवहाराची फोड करून ठेवली आहे. वर्षाला १०० पौंडांचे नियमित उत्पन्न देणारा कोणताही हक्क, व्याजाचा दर ५ टक्के असेल तर, २,००० पौंडांचे भांडवल म्हणून गणला जातो. ते २,००० पौंड कोठेही यंत्ररूपाने वा मालरूपाने उभे असण्याची गरज नसते. ते काल्पनिक भांडवल असते. भावी उत्पन्नावरील हक्काच्या कागदाची ती किंमत असते. शेअर म्हणजे असाच कागद. कारखान्यात कामगाराने निर्माण केलेल्या वरकड मूल्यातील वाटा मागण्याचा तो परवाना होय. किंमत आणि नफा ह्यांचे गुणोत्तर एवढेच सांगते, की अमुक बाजारात आज हा परवाना किती वर्षांच्या नफ्याइतक्या भावाने विकला जात आहे. कारखाना किती मोठा झाला, किती हातांना काम मिळाले, मजुरी किती वाढली, ह्यांपैकी कशाबद्दलही ते एक अक्षर बोलत नाही.

शिवाय हा आकडा वाटतो तितका पक्काही नाही. मार्च २०२१ च्या अखेरीस राष्ट्रीय शेअर बाजाराने निफ्टीचे गुणोत्तर काढण्याची रीत बदलली आणि उपकंपन्यांचा नफा हिशेबात धरला. सुमारे ४० असलेला आकडा एका दिवसात ३३ च्या आसपास उतरला. कोणाचाही नफा वाढला नव्हता, कोणताही शेअर कोसळला नव्हता. फक्त भागाकारातला छेद बदलला होता. लाभांशाच्या आकड्याचीही तीच गत. १९८२ मध्ये रेगन राजवटीत अमेरिकी कंपन्यांना स्वतःचे शेअर बाजारातून परत विकत घेण्याची कायदेशीर वाट मोकळी झाली. तेव्हापासून तेथे भागधारकांना नफ्याचा मोठा हिस्सा लाभांशाऐवजी ह्या पुनर्खरेदीच्या मार्गाने पोचतो. त्यामुळे अमेरिकी लाभांशाचा आकडा लहान दिसतो, म्हणून तेथील भांडवलदार कमी ओरपतो असे कोणी समजू नये. आणि उंच आकडा म्हणजेच उज्ज्वल भविष्य, असे मानणाऱ्यांनी टोकियोकडे पाहावे. १९८९ च्या अखेरीस जपानी शेअरांची किंमत नफ्याच्या सुमारे ६० पट होती आणि लाभांश अर्धा टक्काही नव्हता. निक्केई निर्देशांकाला ३८,९१५ ची ती पातळी पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले. मधल्या चौतीस वर्षांत तेथील तरुण कामगारांची एक अख्खी पिढी कंत्राटी आणि अर्धवेळ नोकऱ्यांत खपली.

परंतु आमच्या मते ह्या कोष्टकातील खरी गोष्ट कोणा एका देशाच्या आकड्यात दडलेली नाही. ती दोन देशांच्या आकड्यांमधील अंतरात आहे. एकच परवाना मुंबईत महाग आणि लंडन किंवा सोलमध्ये स्वस्त असेल, तर दोन्हीकडे पाय ठेवून उभ्या असलेल्या बहुराष्ट्रीय भांडवलाला त्या अंतराचेच उत्पन्न मिळते. हा तर्क नव्हे. गेल्या काही वर्षांत हे प्रत्यक्ष घडले आहे.

सिगारेट उत्पादक ब्रिटिश अमेरिकन टोबॅको ह्या कंपनीचे उदाहरण घ्या. १९१० मध्ये कलकत्त्यात इंपीरियल टोबॅको ह्या नावाने स्थापन झालेली कंपनी म्हणजेच आजची आयटीसी. मार्च २०२४ मध्ये ब्रिटिश कंपनीने आयटीसीतील आपल्या हिश्श्यापैकी साडेतीन टक्के शेअर भारतीय बाजारात विकले आणि सुमारे १७,४८५ कोटी रुपये उभे केले. ह्या पैशांतून ना भारतात कारखाना काढण्यात आला, ना ब्रिटनमध्ये. लंडनच्या बाजारातून १.६ अब्ज पौंडांचे स्वतःचेच शेअर परत घेण्याचा कार्यक्रम तिने त्याच वेळी जाहीर केला. ह्यामागचा हिशेब शाळकरी पोरालाही समजेल. आयटीसीचा शेअर त्या भावाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास लाभांश देत होता. लंडनमधील तिच्या स्वतःच्या शेअरवर ९ टक्क्यांहून अधिक लाभांश द्यावा लागत होता. म्हणजे १०० रुपयांचा भारतीय कागद विकून तिने साडेतीन रुपयांच्या वार्षिक उत्पन्नावर पाणी सोडले आणि तेवढ्याच रकमेत नऊ रुपयांहून अधिक वार्षिक देणे कायमचे वाचवले. मे २०२५ मध्ये तिने आणखी अडीच टक्के शेअर विकले.

ह्युंदाईचा व्यवहार ह्याहूनही बोलका आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्या कंपनीच्या भारतीय उपकंपनीने २७,८७० कोटी रुपयांची भागविक्री केली. तोपर्यंतच्या भारतीय इतिहासातील ती सर्वांत मोठी होती. ह्या विक्रीत एकही नवा शेअर नव्हता. कोरियातील मूळ कंपनीने आपल्या मालकीचे साडेसतरा टक्के शेअर विकले आणि सर्व रक्कम तिच्याच खात्यात गेली. भारतीय कारखान्याच्या तिजोरीत एक रुपयाही पडला नाही. त्याआधीच, मार्च २०२४ मध्ये, उपकंपनीने सुमारे १०,८०० कोटी रुपयांचा खास लाभांश मूळ कंपनीला देऊन तिजोरी हलकी केली होती. विक्रीची किंमत उपकंपनीच्या वार्षिक नफ्याच्या सुमारे २६ पट ठेवण्यात आली. त्या वेळी सोलच्या बाजारात मूळ कंपनीचा शेअर नफ्याच्या सुमारे पाचपट भावाने मिळत होता. मूळ कंपनीच्या एकूण नफ्यात भारतीय कारखान्याचा वाटा दहाव्या हिश्श्याहूनही कमी होता, पण ठरवलेले बाजारमूल्य मात्र तिच्या मूल्याच्या एक-तृतीयांशाहून अधिक होते. श्रीपेरुंबुदूरच्या कामगाराने निर्माण केलेल्या १०० रुपये नफ्यावरील हक्क सोलमध्ये ५०० रुपयांचा ठरतो आणि मुंबईत २,६०० रुपयांना खपतो! २०२५ च्या ऑक्टोबरात एलजीने हाच कित्ता गिरवला आणि ११,६०७ कोटी रुपये नेले. नोईडा आणि पुण्याजवळील रांजणगाव येथील कारखान्यांच्या बळावर उभी असलेली ही उपकंपनी बाजारात आली, त्या दिवशी तिचे मूल्य सोलमधील मूळ कंपनीच्या मूल्यापेक्षाही अधिक भरले. आईच्या ओटीतले लेकरू आईहून जड झाले. पण वजन करणारा तराजू मुंबईचा होता.

ही महाग किंमत कोणी मोजली? ह्युंदाईच्या विक्रीत किरकोळ गुंतवणूकदारांसाठी राखलेल्या शेअरांपैकी निम्मेच उचलले गेले. छोट्या बचतदाराला भाव कळत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. उणीव भरून काढली ती संस्थांनी. त्यांची मागणी त्यांच्या वाट्याच्या जवळजवळ सातपट होती. ह्या संस्थांमध्ये देशी म्युच्युअल फंड होते, आणि त्यांच्याकडील पैसा आकाशातून पडत नाही. त्याच ऑक्टोबर महिन्यात दरमहा हप्त्याने फंडात भरल्या जाणाऱ्या रकमेने प्रथमच २५,००० कोटी रुपयांचा टप्पा ओलांडला. बँकेतील ठेवीच्या व्याजावर ज्यांचे भागत नाही अशा कारकुनांचे, शिक्षकांचे, तंत्रज्ञांचे हे हप्ते. त्याच महिन्यात परकी गुंतवणूकदार संस्थांनी भारतीय शेअर बाजारातून निव्वळ सुमारे ९४,००० कोटी रुपये काढून घेतले. एका दाराने मध्यमवर्गाची बचत आत येत होती, दुसऱ्या दाराने परकी भांडवल उच्च भावाला बाहेर पडत होते. बाजार कोसळला नाही ह्याचा आनंद अर्थपंडितांनी साजरा केला. ज्याला बाहेर पडायचे होते त्याला उतरता भाव घ्यावा लागला नाही, एवढाच त्या आनंदाचा अर्थ.

२०२४-२५ ह्या आर्थिक वर्षात भारतात सुमारे ८१ अब्ज डॉलर थेट परकी गुंतवणूक आली, असे सरकार अभिमानाने सांगते. त्याच वर्षी जुन्या परकी गुंतवणूकदारांनी ५१ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम काढून परत नेली. भारतीय कंपन्यांनी परदेशांत गुंतवलेला पैसाही वजा केला, तर निव्वळ आवक अर्ध्या अब्जाहूनही कमी उरली. रिझर्व्ह बँकेला ह्यात बाजाराच्या प्रौढत्वाचे लक्षण दिसले : परकी भांडवलाला सुरळीत आत येता येते आणि सुरळीत बाहेर जाता येते! दादाभाई नौरोजींनी एकोणिसाव्या शतकात संपत्तीच्या निर्गमनाचा हिशेब मांडला, तेव्हा निदान लंडनच्या राज्यकर्त्यांनी त्या निर्गमनाला भारताचे प्रौढत्व म्हटले नव्हते.

ह्यावर एक उत्तर दिले जाते आणि ते ऐकून घेतले पाहिजे. भारतीय कंपन्यांचा नफा वेगाने वाढणार आहे, म्हणून आजच्या नफ्याच्या २५ पट किंमत उद्या महाग वाटणार नाही, असे ते उत्तर. ठीक. पण हा नफा कोठून वाढतो? २० सप्टेंबर २०१९ रोजी सरकारने कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला आणि वर्षाला १.४५ लाख कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडले. सेन्सेक्स त्याच दिवशी १,९०० अंकांहून अधिक उसळला. पुढे २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला, नोकऱ्या मात्र दीड टक्क्याने. हे आकडे आमचे नव्हेत, केंद्र सरकारच्याच आर्थिक पाहणी अहवालातले आहेत. तेव्हा २६ पट किंमत मोजणारा नुसत्या मोटारींच्या खपावर पैज लावत नसतो. ह्या देशातला कामगार असंघटित राहील आणि त्याची मजुरी नफ्याच्या मागे रखडत राहील, ह्यावरही ती पैज असते.

ती पैज सरळ सुटेलच असे नाही. ह्युंदाईचा कारखाना ज्या श्रीपेरुंबुदूर पट्ट्यात आहे, त्याच पट्ट्यात सॅमसंगच्या कामगारांनी ९ सप्टेंबर २०२४ रोजी संप पुकारला. त्यांची मुख्य मागणी आपल्या संघटनेला मान्यता मिळावी ही होती. पोलिसांनी मंडप उखडले, अटका झाल्या, संप महिन्याहून अधिक काळ टिकला आणि १५ ऑक्टोबरला मागे घेण्यात आला. त्याच दिवशी ह्युंदाईची भागविक्री खुली झाली. वर्तमानपत्रांची पाने कोणत्या बातमीने भरली, हे सांगायला नको. संघटनेची नोंदणी मात्र त्या कामगारांनी जानेवारी २०२५ मध्ये पदरात पाडून घेतलीच.

जो बाजार परकी मालाला २६ पट देतो, तोच सार्वजनिक क्षेत्राशी कसा वागतो हेही पाहिले पाहिजे. मे २०२२ मध्ये सरकारने आयुर्विमा महामंडळाचे साडेतीन टक्के शेअर ९४९ रुपये दराने विकले. महामंडळाचे हिशेबी अंतर्भूत मूल्य सुमारे ५.४ लाख कोटी रुपये होते आणि विक्रीदराने त्याची किंमत झाली सुमारे ६ लाख कोटी, म्हणजे मूल्याच्या जेमतेम १.१ पट. खासगी विमा कंपन्यांचे शेअर त्या वेळी अशाच मूल्याच्या दोन ते चार पटींनी विकले जात होते. १९५६ पासून पॉलिसीधारकांच्या पैशांतून उभी राहिलेली मालमत्ता विकताना सरकारला स्वस्ताई चालते. कोरियन कंपनीचा हिस्सा महाग विकला गेला की तेच सरकार बाजाराची पाठ थोपटते.

म्हणून मागण्याही नेमक्या हव्यात. परकी मूळ कंपनी केवळ आपला हिस्सा विकत असेल, तर रकमेचा निश्चित भाग भारतातील कारखान्यात गुंतवण्याची अट विक्रीच्या परवानगीतच घातली पाहिजे. मजुरीवर तीस टक्क्यांपर्यंत आयकर आणि दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर साडेबारा टक्के, ही विषमता मोडली पाहिजे. सार्वजनिक उद्योगांची भागविक्री थांबली पाहिजे. आणि भविष्य निर्वाह निधीच्या विश्वस्त मंडळावरील कामगार प्रतिनिधींनी पुढच्या बैठकीत दोन प्रश्नांची लेखी उत्तरे मागावीत : २०१५ पासून आमचे पैसे कोणत्या वर्षी नफ्याच्या किती पट भावाने बाजारात घातले गेले, आणि त्या भावाला समोरून विकणारा कोण होता?