होजपाइप नवा, गळती तीच



विहिरीवरच्या पंपाचा ग्लँड थेंबथेंब गळत असला तर आपण मनावर घेत नाही. आणि ते बरोबरच आहे, कारण ग्लँडच्या दोरीला तेवढा ओलावा लागतोच. हीच सवय माणूस जीपच्या ब्रेककडे घेऊन जातो आणि तिथे फसतो. ब्रेकच्या सांध्याला एक थेंबही माफ नाही.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. आमची जीप जुनी, पुढे डिस्कब्रेक असलेली. टोमॅटोचे क्रेट बाजारात नेते आणि प्रसंगी घरच्या मंडळींनाही. चिपळूणला मेहुणीच्या मुलीचे लग्न बुधवारचे. कुंभार्ली घाट उतरायचा, गाडीत सात माणसे, त्यात माझी म्हातारी आई. पुढच्या डाव्या चाकाच्या होजपाइपाला भेगा पडल्या होत्या. वाकवला की आतला धागा दिसे. तालुक्याहून नवा पाइप आणि तांब्याचे दोन वायसर आणले आणि रविवारी दुपारी बसवून टाकले. सोमवारी पहाटे सडा टाकताना सौभाग्यवतीने हाक मारली, "अहो, या चाकाखाली कसलं तेल सांडलंय?"

मी काय केले असेल? आपण सगळे जे करतो तेच. पान्याला पाइपचा तुकडा जोडून बोल्ट आणखी आवळला. थेंब थांबला. मंगळवारी सकाळी जमीन कोरडी पाहून मी खूश. पण सौभाग्यवतीचे समाधान होईना. "जोरात पाय देऊन बघा एकदा," ती म्हणाली आणि स्वतः बॅटरी घेऊन चाकाशी बसली. इंजिन चालू करून मी पेडल नेट लावून दाबले, तशी बोल्टाच्या खालून तेलाची बारीक रेघ आली.

उभ्या गाडीत त्या नळीत दाब नसतोच, मग गळणार काय? मोटारीच्या टायरमध्ये चौरस सेंटिमीटरला दोनेक किलो हवा असते. जोराने ब्रेक दाबला की होजपाइपातला दाब सत्तर-ऐंशी किलोंपर्यंत सहज जातो. अंगणात जो सांधा कोरडा, तोच घाटात फवारा मारील.

सांधा उघडला तेव्हा माझी चूक सापडली. पाइपाचे कडीसारखे तोंड पोकळ बोल्टाने कॅलिपरला धरलेले असते, आणि त्या कडीच्या दोन्ही अंगांना एकेक तांब्याचा वायसर लागतो. कॅलिपरच्या अंगाचा जुना वायसर मळाने काळा होऊन तिथेच चिकटला होता. मला तो कॅलिपरचाच भाग वाटला, आणि त्याच्यावर मी नवा ठेवला! एकावर एक दोन वायसर, मग बैठक नीट बसेल कशी?

जुना वायसर पुन्हा वापरण्याचा मोहही टाळावा. तांबे दाबले की कडक होते, म्हणून तर तांबट भांडे ठोकताना मधूनमधून तापवतो. कडक झालेला वायसर दुसऱ्यांदा नीट दबत नाही. काही रुपयांची वस्तू आहे, नवीच घालावी. बसण्याच्या जागेवर ओरखडा किंवा कचरा नाही हे बोट फिरवून पाहावे. आवळण्याचे माप गाडीच्या पुस्तकात असते. बोल्ट आतून पोकळ, म्हणून अंगाने नाजूक. माझ्यासारखा पाइप जोडून जोर केलात तर तुटायचा.

पाइपाच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी नळी येऊन मिळते. तिथे वायसर नसतो. नळीचे तोंड फुलवलेले असते आणि ते होजपाइपातल्या बैठकीवर दाबून बसते. तेल अडवते ती बैठक, आटे नव्हेत. म्हणून नळाला गुंडाळतो ती पांढरी टेप इथे गुंडाळू नये. तिचा उपयोग नाही, आणि तुकडा आत गेला तर वाट अडवील. नट आधी बोटांनी तीन-चार फेरे चढवावा. जड गेला तर आटे चुकले समजा. इथे आणखी एक फसगत होते. काही गाड्यांचे आटे इंची, काहींचे मिलिमीटरी. तीन अष्टमांश इंच आणि दहा मिलिमीटर डोळ्यांना जवळजवळ सारखेच दिसतात, पण एकाचा नट दुसऱ्यात कधीच विश्वासाने बसत नाही. दुकानात जाताना जुना पाइप बरोबर न्यावा.

पाइपाला पीळ राहू देऊ नये. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून तो टायरला घासत नाही ना, हे पाहावे. गाडीखाली काम करताना नुसत्या जॅकवर विसंबू नये. घोडी किंवा मजबूत ओंडका लावावा.

मग एअर काढायची. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी घेतात. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक ब्रेक ऑइलच्या बाटलीत बुडवावे, आणि वरची डबी रिकामी होऊ देऊ नये. एबीएसवाल्या गाडीत मात्र एअर काढायला काही वेळा वर्कशॉपचे यंत्र लागते. ऑइल डबीच्या झाकणावर लिहिलेल्या जातीचेच घ्यावे आणि सीलबंद घ्यावे, कारण ते हवेतले पाणी पिते. नवे डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेले १४० अंशांच्या आसपास उकळू शकते. घाटात ब्रेक तापले की त्याची वाफ होते आणि पेडल खाली जाते. इंजिन ऑइल किंवा डिझेल ब्रेकच्या रबराला लागू देऊ नका. रबर फुगून निकामी होते. रंगावर ब्रेक ऑइल सांडले तर लगेच पाण्याने धुवावे, नाहीतर रंग उठतो.

शेवटी सांधा पुसून कोरडा करावा, एकाने इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट नेटाने दाबून धरावे आणि दुसऱ्याने बॅटरी घेऊन पाहावे. सांधे कोरडे असूनही पेडल हळूहळू खाली जात असेल, तर मागचे व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर तपासायला हवेत.

मंगळवारी दुकान बंद. वायसर मिळाले ते गुरुवारी. लग्नाला आम्ही सगळे एसटीने गेलो.