उंची हेच भांडवल



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या नातवाने माझ्यापुढे चक्क एक कर्जप्रस्ताव ठेवला. "आजोबा, तुम्ही बँकेत लोकांची प्रकरणे मंजूर करत होतात ना? मग हे वाचा." वहीच्या पानावर यादी होती : विजेच्या मोटरवर वर जाणारे आणि रिमोटने उडवायचे मॉडेल ग्लायडर, बॅटरी, चार्जर. खाली एकूण रक्कम बावीस हजार रुपये. अर्जदार इयत्ता आठवीत.

माझा मुलगा जतच्या पेठेत हार्डवेअरचे दुकान सांभाळतो. जेवता जेवता त्याने ते पान पाहिले, "दोन दिवसांत मोडेल," एवढेच म्हणाला आणि उठला. तो शेरा मला लागला. कारण पंचवीस वर्षांपूर्वी असाच शेरा मी त्याच्या हट्टावर मारला होता. तेव्हा माझी बदली पुण्याला झालेली होती. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचच्या दोराने ओढलेले ग्लायडर वर जाते, दोर सोडते आणि मग आवाज न करता घिरट्या घालत उतरते, हे आम्ही बापलेक रविवारी कुंपणाबाहेरून पाहत असू. त्याला बाल्सा लाकडाचे तसे एक मॉडेल हवे होते. मी म्हणालो, "आधी अभ्यास." पुढे तो विषय आमच्या घरात निघाला नाही.

म्हणून या वेळी रीतसर छाननी केल्याशिवाय निर्णय द्यायचा नाही, असे मी ठरवले.

ग्लायडर म्हणजे उंची जपून खर्च करणारे विमान. मोटर अर्धा मिनिट चालवायची, उंची मिळवायची, मोटर बंद करायची. तेव्हा पुढच्या पंख्याची पाती अंगालगत मिटतात आणि हवेचा अडथळा कमी होतो. पुढचा सारा प्रवास कमावलेल्या उंचीवर. साधारण चांगले मॉडेल एक मीटर उंची खर्चून बारा मीटर पुढे जाते. म्हणजे शंभर मीटर उंचीवरून बाराशे मीटर. वेग सेकंदाला आठ मीटर धरला, तर हे भांडवल अडीच मिनिटे पुरते. मुद्दल किती यापेक्षा ते कसे खर्चले याला येथे महत्त्व आहे, हे व्यापारी घरांतील वाचकांना निराळे सांगायला नको.

आता निवड. बाजारात मिळणारी तयार फोमची मॉडेले लवकर जुळतात. नवशिक्याला तीही वाईट नाहीत. परंतु मोडलेला भाग आपल्या गावी दुरुस्त होईल काय, हा प्रश्न मी कर्ज देताना यंत्राबाबत नेहमी विचारीत असे. तोच येथे विचारला. लाकडाचे मॉडेल स्वतः बांधले, तर मोडलेली फासळी पुन्हा कापता येते. खर्चही जवळपास निम्म्यावर आला. शिवाय बांधताना मूल जे शिकते, ते खोके उघडून शिकत नाही.

आकार दोन मीटर पंखविस्ताराचा घेतला. यापेक्षा लहान मॉडेल चपळ असते आणि लांबून दिसेनासे होते. पंखाची सरासरी रुंदी अठरा सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ छत्तीस चौरस डेसिमीटर. वजन नऊशे ग्रॅमच्या आत ठेवायचे, म्हणजे प्रत्येक चौरस डेसिमीटरवर पंचवीस ग्रॅम भार येतो. हा भार जितका कमी, तितके विमान सावकाश उडते आणि मुलाला विचार करायला वेळ मिळतो. पंखांची टोके थोडी वर उचललेली ठेवावीत. कललेले विमान मग आपोआप सावरते. नियंत्रणे तीनच : उजवे-डावे, वर-खाली आणि मोटर.

मोटरबाबत हिशेब असा. किलोमागे दीडशे ते दोनशे वॅट शक्ती पुरेशी असते. आमच्या मॉडेलला दीडशे वॅट लागतात. तीन सेलची ११.१ व्होल्टची बॅटरी चौदा अँपिअर देते तेव्हा ही शक्ती मिळते. बॅटरी १३०० मिलिअँपिअर-तासाची. तिचा पाचवा हिस्सा राखीव ठेवला, तरी साडेचार मिनिटे मोटर चालते, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या नऊ चढाया. याहून मोठी बॅटरी घेतली, तर वाढलेले वजनच फायदा खाऊन टाकते. या लिथियम बॅटरीला मात्र जपावे लागते. ती फरशीवर ठेवून, डोळ्यांसमोर, तिच्याच चार्जरने भरावी. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर भरू नये आणि ३.५ च्या खाली उतरवू नये. फुगलेली बॅटरी वापरू नये.

जतच्या वाऱ्याचा विचार निराळा करावा लागतो. आपल्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. ज्याचा स्वतःचा वेग सेकंदाला आठ मीटर, ते ग्लायडर ताशी एकोणतीस किलोमीटरच्या समोरच्या वाऱ्यात जागीच लटकते आणि वारा वाढला की मागे वाहत जाते. म्हणून आषाढ-श्रावणातील वाऱ्यात नवशिक्याने हात आवरावा. हिवाळ्यातील सकाळ उत्तम. उभ्या शाळूची शेते, विजेच्या तारा, पवनचक्क्या आणि रस्ते यांपासून दूर जावे. केंद्र शासनाचे ड्रोन नियम २०२१ मध्ये आले. त्यांनुसार आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे विभाग केलेले आहेत आणि हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत उडवता येते. आपली जागा कोणत्या विभागात आहे आणि आपल्या वजनाच्या मॉडेलला नोंदणीची कोणती अट लागू होते, हे आधी पाहून घ्यावे.

बांधणीला आम्हा आजोबा-नातवाला पाच आठवडे लागले. आराखडा पाटावर पसरून त्यावर टाचण्यांनी पट्ट्या रोवायच्या, कण्याच्या काठीवर फासळ्या उभ्या करायच्या, गोंद सुकेपर्यंत हात लावायचा नाही. पंखाला पीळ पडला, तर ते विमान जन्मभर एका बाजूला ओढते. नातू संध्याकाळी संगणकावर उडवण्याचा सरावही करीत होता.

चूक माझ्या हातून झाली. शेपटी मला नाजूक वाटली. नातू शाळेत असताना मी प्रेमाने तिला प्लायवुडची पट्टी चिकटवली. वजन पंचवीस ग्रॅम. शेपटी तोलबिंदूपासून लांब असते. तिच्यावरच्या एका ग्रॅमला तोलण्यासाठी नाकाशी जवळजवळ तीन ग्रॅम लागतात. आमच्या मॉडेलचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून सहा सेंटिमीटरवर हवा होता. पंखाखाली दोन्ही बाजूंनी बोट धरले की ते तपासता येते. नातवाने आदल्या आठवड्यात तपासले होते. पट्टी लावल्यावर मी तपासले नाही आणि त्याला सांगितलेही नाही.

विजापूर रस्त्यालगतच्या माळावर पहिल्या उड्डाणात विमानाने नाक वर केले, हवेत थबकले आणि जमिनीवर आदळले. डावा पंख मधोमध तुटला. पोर रडले नाही. तुकडे गोळा करीत राहिले. "माझंच चुकलं असेल," असे तो म्हणाला, तेव्हा मला पट्टीची गोष्ट सांगावी लागली. तो गाडीत घरापर्यंत एक शब्द बोलला नाही.

रात्री दुकान बंद करून मुलगा आला. टेबलावरचा तुटका पंख त्याने उचलला, कण्यावर बोट फिरवले आणि मला विचारले, "पंख स्क्रूनं का आवळलात? हे रबरबँडनं बांधायचे असतात. धडक बसली की पंख सुटून बाजूला पडतो, मोडत नाही." हे त्याला कोणी सांगितले, असे मी विचारले नाही. पंचवीस वर्षांपूर्वी कोठल्यातरी पुस्तकात वाचलेले त्याने मनात जपून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातून बांबूची चिव आणि पॉलिश पेपर आणला. तुटलेल्या कण्याला दोन्ही अंगांनी चिव बांधून, दोरा गुंडाळून, गोंद भरून त्याने तो सरळ केला. नातू शेजारी बसून फासळ्या कापत होता. माझी पट्टी त्या दोघांनी न बोलता काढून टाकली.

जानेवारीच्या एका रविवारी आम्ही तिघे माळावर गेलो. तोल तीनदा तपासला. काठी डावीकडे नेली की सुकाणू डावीकडेच वळते ना, हेही पाहिले. साडेदहाच्या सुमारास ऊन चढले होते. तिसऱ्या चढाईनंतर ग्लायडर एका उघड्या मुरमाड पट्ट्यावर आले आणि खाली उतरण्याऐवजी हळूहळू वर जाऊ लागले. तापलेल्या जमिनीवरून ऊन हवा वर चढते. घारी तिच्यावरच घिरट्या घालतात. पलीकडे एक घार होतीही. तिच्या वाटेत यायचे नाही म्हणून नातवाने विमान दूर घेतले. अडीच मिनिटांचे भांडवल, पण मोटर बंद असताना ते सहा मिनिटे हवेत राहिले.

मधेच नातवाने रिमोट वडिलांच्या हाती दिला. मुलाने दोन मिनिटे ते धरले. वर पाहत असताना त्याचा चेहरा मला हडपसरच्या कुंपणाजवळचा दिसला. मी त्याला म्हणालो, "तेव्हा घेऊन द्यायला हवं होतं." तो आकाशावरची नजर न काढता म्हणाला, "बाबा, आता उतरवायचं आहे, बोलू नका." उतरवले अर्थात नातवानेच.

आपल्या घरीही एखाद्या वहीच्या पानावर असा प्रस्ताव येईल. दुकानाच्या गडबडीत त्यावर लगेच शेरा मारू नये. आकडे विचारावेत, वजन मोजायला लावावे, तोल तपासायला लावावा. आणि मुलाने बांधलेल्या वस्तूला त्याला न विचारता आपली पट्टी चिकटवू नये.