चंद्रोखणी

लग्नसराईत आम्हाला हमखास विचारतात, "बांधणी खरी कशी ओळखायची?" छापील ओढणी हातावर सपाट बसते. खऱ्या बांधणीवर गाठींच्या सुरकुत्या राहतात आणि दोन ठिपके कधी अगदी एकसारखे नसतात. म्हणूनच कच्छमध्ये पुष्कळदा गाठी न सोडताच माल विकतात. दोघांनी टोके धरून कापड ओढायचे. तडतड गाठी सुटतात आणि नक्षी उघडते. ते पाहण्यासारखे असते.

भुज, मांडवीकडील मुस्लिम खत्री घराण्यांचा हा पिढीजात हुन्नर. गज्जी रेशमावर कच्च्या रंगात नक्षी उमटवतात. मग बाया घरी बसून नखाने चिमूटभर कापड उचलतात आणि दोऱ्याने आवळतात, हजारो वेळा. पांढरे राखायचे ते आधी बांधून कापड पिवळ्या रंगात बुडवायचे. पिवळे राखायचे तिथे पुन्हा गाठी, मग लाल, गरजेप्रमाणे शेवटी काळा.

खत्री नवरीची चंद्रोखणी अशीच तयार होते. मुंबईतल्या एका कच्छी घरी आम्ही आजींची पाहिली. घडीवर विरलेली, लाल मात्र अजून तसाच. सूनबाई तिचे उशांचे अभ्रे करणार होत्या. पाहुणे असूनही आम्ही मध्ये बोललो. "नवी घ्यायची तर केवढी महाग!" त्या म्हणाल्या. खरे आहे, पण त्यातले बांधणारीच्या हाती किती पडते, हे दुकानात कोणी विचारत नाही.

अभ्रे झाले नाहीत. ओढणी मलमलीत गुंडाळली आहे. घडी तेवढी अधूनमधून बदला, असे सांगून आम्ही निघालो.