ओसरीवरून : पेटींतला खेळ आणि घरांतला सूत्रधार

ज्या घरांत साठीच्या पुढचे आणि दहा-बारा वर्षांचे एका छपराखालीं राहतात, त्या घरांत सर्वांना मिळून खेळतां येईल असा खेळ सांपडणें किती कठीण, हें वाचकांना निराळें सांगावयास नको. बुद्धिबळांत दोघांचेंच काम. इतरांनीं पाहत बसावें. पत्त्यांत धाकट्यांची रडारड ठरलेली. आणि हल्लीं ज्याच्या त्याच्या हातांत मोबाइल असल्यामुळें एका दिवाणखान्यांत सहा माणसें बसूनहि सहा ठिकाणीं असतात. म्हणून गेल्या दिवाळींत आमच्या घरीं जी एक पेटी आली, तिची हकीकत या वेळीं सांगतों. तींत माझी फजिती आहे; पण ती वगळली तर सांगण्यासारखें फारसें उरत नाहीं.

पेटी आणली थोरल्या नातवानें. तो पुण्यास कॉलेजांत शिकतो. झांकण उघडतांच सहा फांसे सतरंजीवर घरंगळले. मी चष्मा सांवरून म्हणालों, "या घरांत फांसे? सभापर्व वाचलें आहेस ना?"

तो हंसून म्हणाला, "आजोबा, ह्यांत पण लावायचा नसतो. कुणी जिंकत नाहीं, कुणी हरत नाहीं. सगळ्यांनीं मिळून एक गोष्ट रचायची, एवढेंच."

जय-पराजय नसलेला खेळ ही कल्पनाच मला नवी होती. चौकशी करतां जें समजलें, तें असें. प्रशियाच्या सैन्यांत राइसविट्झ पिता-पुत्रांनीं नकाशा, ठोकळे आणि फांसे यांच्या साहाय्यानें युद्धाचा अभ्यास करण्याची एक पद्धति बसविली. पुत्राचे नियम १८२४ सालीं प्रसिद्ध झाले. तींत उभय पक्षांच्या हालचालींचा निवाडा देणारा एक तटस्थ पंच असे. पुढें अशा युद्धखेळांचा शोक अमेरिकेंत वाढला. १९६९ च्या सुमारास मिनेसोटा प्रांतांत डेव्हिड वेस्ली नांवाच्या तरुणानें प्रत्येक खेळाडूला सैन्याची तुकडी न देतां एकेक व्यक्तीच दिली. त्याच मंडळींतील डेव्ह आर्नेसन यानें ही कल्पना अद्भुत कथेच्या प्रदेशांत नेली आणि विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा गांवच्या गॅरी गायगॅक्स याच्या साहाय्यानें १९७४ सालीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ बाहेर पडला. पहिली आवृत्ति हजार प्रतींची. एका पेटींत तीन पुस्तिका.

परंतु त्या पुस्तिका युद्धखेळांत मुरलेल्यांसाठीं लिहिलेल्या होत्या. नवख्याला त्यांतून वाट सांपडेना. तेव्हां एरिक होम्स या मज्जाविकारतज्ज्ञ प्राध्यापकानें नियम सुगम करून संपादिले आणि १९७७ सालीं नवशिक्यांची पहिली पेटी निघाली. १९८३ सालीं फ्रँक मेन्ट्झर यानें आणखी एक पाऊल टाकलें. त्याच्या तांबड्या पेटींतील पुस्तक उघडलें कीं वाचक एकटाच एका गुहेच्या गोष्टींत शिरतो आणि गोष्ट वाचतां वाचतांच नियम शिकतो. हें वाचून मला डॉ. भांडारकरांची 'मार्गोपदेशिका' आठवली. एका पाठांत चारच नियम द्यावयाचे आणि लगेच वाक्यें करावयास लावावयाचें, ही तिची रीति. तिच्याच आधारें मीं आयुष्यभर संस्कृत शिकविलें. नियम थोडा, उपयोग लगेच!

आमच्या घरीं आलेली पेटी २०१४ सालची. त्यानंतर २०२२ व २०२५ सालीं निराळ्या पेट्या निघाल्या आहेत; पण मांडणीचें तत्त्व तेंच. आंत बत्तीस पानांचें नियमांचें पुस्तक, चौसष्ट पानांचें एक आख्यान आणि पांच तयार पात्रें: दोन मानवी योद्धे, एक बुटका धर्मोपदेशक, एक एल्फ जातीचा मांत्रिक आणि एक ठेंगणा चोर. फांसेहि पाहण्यासारखे. चार, सहा, आठ, बारा व वीस पृष्ठांचे पांच फांसे म्हणजे भूमितींतल्या पांच सम घनाकृतीच होत. सहावा दहा पृष्ठांचा, तो या कुळाबाहेरचा.

खेळण्याची रीति सोपी आहे. एकानें सूत्रधार व्हावें आणि प्रसंगाचें वर्णन करावें. इतरांनीं आपापलें पात्र काय करतें तें सांगावें. जें सहज घडेल तें घडलें असें समजावें. जें घडेल कीं नाहीं याचा संशय आहे, तेथें वीस पृष्ठांचा फांसा टाकून त्यांत पात्राच्या अंगचें कौशल्य मिळवावें. साधारण अवघड कामाला बेरीज पंधरा लागते. कौशल्य तीन असेल, तर फांशावर बारा किंवा अधिक पडावें लागतें, म्हणजे विसांपैकीं नऊ संधि. कौशल्य पांच असेल तर विसांपैकीं अकरा. दैव आणि पुरुषकार यांचा इतका स्वच्छ हिशेब मीं वर्गांत कधीं मांडला नव्हता.

"गोष्टी सांगण्याचें काम तुमचें," असें म्हणून नातवानें सूत्रधारपद मला दिलें. येथून माझ्या फजितीस आरंभ होतो.

खेळाडू चार: थोरला नातू, नात, सूनबाई आणि बाळ. बाळ हा माझ्या पुतण्याचा मुलगा, वय अकरा. वडिलांची बदली दूर झाल्यामुळें या वर्षापासून तो शाळेसाठीं आमच्याकडे राहिला आहे. मुलगा गुणी, पण विचारल्याखेरीज बोलत नसे. आणि विचारलें तर 'हो' किंवा 'नको', यापुढें मजल जात नसे. त्यानें ठेंगणा चोर निवडला.

मीं दोन रात्री जागून नियमांचें पुस्तक टिपणांसह वाचलें होतें. तें सर्व ज्ञान पहिल्याच बैठकींत तासभर सांगितलें. नात जांभया देऊं लागली. सूनबाईंना कुकरची आठवण झाली. शेवटीं कथा सुरू झाली. सामानाची गाडी फॅन्डालिन नांवाच्या गांवीं पोंचवावयाची आहे. वाटेंत दोन घोडे मरून रस्त्यावर आडवे पडले आहेत. झाडींत गॉब्लिन जातीचे लुटारू दबा धरून बसले आहेत. तोंच बाळ हळूच म्हणाला, "मी घोड्याच्या अंगावर हात ठेवून पाहतों. अजून ऊन लागतं का?"

मीं काय म्हणावें? मी म्हणालों, "घोडा मेला आहे असें पुस्तकांत स्पष्ट आहे. तूं तलवार काढ."

बाळानें तलवार काढली. त्यानंतर त्या संध्याकाळीं तो एक अक्षरहि बोलला नाहीं. त्याचा फांसासुद्धां नातवानेंच टाकला.

रात्रीं आमच्या मंडळी वाती वळतां वळतां म्हणाल्या, "खेळायला बसलां होतां ना? मग शाळा कशाला भरवलीत? त्याचा प्रश्न किती शहाणा होता! घोडा ऊन असेल तर मारणारे जवळच असतील."

छत्तीस वर्षें मुलांना 'प्रश्न विचारा' असें सांगण्यांत घालविलीं, आणि त्यांतला उत्तम प्रश्न मीं पुस्तक दाखवून मोडला होता. मला झोंप लागली नाहीं. वर्गांत असे किती बाळ माझ्या हातून गप्प झाले असतील, हा विचार कांहीं केल्या जाईना.

पुढच्या रविवारीं मीं टिपणें कपाटांत ठेविलीं. बसल्याबरोबर बाळाला म्हणालों, "तुझी मागची शंका बरोबर होती. घोडा अजून ऊन होता." त्यानें मान वर करून पाहिलें. खेळ चालला. एक लुटारू जिवंत हातीं लागला. नातू त्याला दरडावूं लागला. मीं बाळाकडे वळून एवढेंच विचारलें, "आणि तूं काय करतोस?"

"त्याच्या हातांत भाकरी देतों. मग विचारतों, तुला तुझा सरदार मारतो का?"

याचें तयार उत्तर पुस्तकांत नव्हतें. मीं फांसा पुढें केला. सोळा पडले. मग तो लुटारू बोलूं लागला, म्हणजे मी बोलूं लागलों. बाळ विचारीत गेला आणि पाऊण तास कोणी हललें नाहीं. सूनबाईंना कुकरची शिटी ऐकूं आली नाहीं.

ज्यांना हा खेळ घरीं सुरू करावयाचा असेल त्यांनीं माझ्या चुकीवरून चार गोष्टी घ्याव्या. पात्रें तयार दिलेलीं घ्यावीं. नवीं रचण्याची घाई नको. नियम आधीं सांगूं नयेत. प्रसंग येईल तेव्हां एकेक सांगावा. फांसा उलटा पडला तरी कथा अडूं देऊं नये. दार उघडलें नाहीं, तर आवाजानें पलीकडचा पहारेकरी जागा झाला असें म्हणावें. आणि अबोल्यास नांव घेऊन विचारावें, पण उत्तर त्याच्या तोंडीं घालूं नये. चार-पांच खेळाडू आणि दोन-तीन तास पुरेत. खर्चापूर्वीं पाहणें झाल्यास, खेळाचे मूलभूत नियम प्रकाशकांनीं विनामूल्य उपलब्ध करून दिलेले आहेत.

या खेळांत मारामारी आहे, भुतेंखेतें आहेत, हा आक्षेप मला ठाऊक आहे. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतहि या खेळानें मुलें अभिचाराकडे वळतात म्हणून मोठें काहूर उठलें होतें. माझें म्हणणें इतकेंच, कीं वडीलधाऱ्यांनीं लांबून भिण्यापेक्षां जवळ येऊन बसावें. तलवार उपसावी कीं भाकरी द्यावी, हें मुलांनीं आपल्यासमोर ठरवावें, यांत नुकसान कोणतें?

पेटींतलें आख्यान आतां संपत आलें आहे. पुढचें बाळ स्वतः लिहीत आहे. त्यासाठीं दोनशें पानी वही घेतली आहे आणि सूत्रधार तोच होणार आहे. मला बुटक्या धर्मोपदेशकाचें काम मिळालें आहे. परवां मी मध्येंच त्याचा एक शब्द सुधारावयास गेलों, तेव्हां तो म्हणाला, "आजोबा, तुमची पाळी अजून आली नाहीं."

मी गप्प बसलों.