क्लाउडवर जाताना परतीची वाटही करारात हवी



नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांपासून युरोपातील दुकानांपर्यंत पोहोचणाऱ्या पुरवठा साखळीत क्लाउडचा, म्हणजे स्वतःचे सर्व्हर न घेता दुसऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरमधील साठवण आणि सॉफ्टवेअर इंटरनेटवरून भाड्याने वापरण्याच्या पद्धतीचा, शिरकाव होत आहे आणि तो स्वागतार्हच आहे. मात्र या सेवा विकताना खर्च किती वाचतो एवढेच सांगितले जाते आणि साठलेल्या नोंदी कोणाच्या व त्या परत कशा मिळणार, हा कळीचा प्रश्न मागे पडतो.

सामायिक नोंदींचे मोल द्राक्षउत्पादकांना नव्याने सांगायला नको. अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात प्रोत्साहन संस्थेने 2006 मध्ये सुरू केलेल्या ग्रेपनेट या इंटरनेटवरील व्यवस्थेत कृषी विभागाकडे नोंदवलेला प्लॉट, त्यातील नमुन्याचा प्रयोगशाळेचा अहवाल, द्राक्षे पेट्यांत भरणारे पॅकहाउस आणि माल कीडरोगमुक्त असल्याचे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र हे सारे एकमेकांशी जोडले गेले, त्यामुळे युरोपात एखाद्या पेटीत कीडनाशकाचा अंश मर्यादेबाहेर आढळला तर ती कोणत्या बागेतून आली याचा माग काढता येऊ लागला. तरीही 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे तेथे भारतीय द्राक्षे नाकारली गेलीच, कारण तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हते. जे तपासलेच नाही, ते कोणतीही प्रणाली दाखवू शकत नाही.

स्वतःचे सर्व्हर अधिक सुरक्षित, हा समजही टिकत नाही. जून 2017 मध्ये नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरने मर्स्क या जहाज कंपनीची स्वतःची संगणक यंत्रणा जगभर ठप्प केली आणि त्याची झळ न्हावा-शेवा येथील तिच्या समूहाच्या टर्मिनललाही बसली. उलट बाजूने, नोव्हेंबर 2024 मध्ये ब्लू यॉन्डर ही पुरवठा साखळीचे सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी ग्राहकांसाठी चालवत असलेल्या यंत्रणेवर खंडणीखोर हल्ला झाला, तेव्हा मॉरिसन्स या ब्रिटिश सुपरमार्केट साखळीच्या ताज्या मालाच्या गोदामांना पर्यायी पद्धतीवर यावे लागले. म्हणजे यंत्रणा कुठेही असो, ती बंद पडल्यावर काम कसे चालवायचे याची तयारी ज्याची त्यानेच ठेवायची असते. फेब्रुवारी-मार्चच्या ऐन हंगामात प्रीकूलिंग झालेल्या, म्हणजे साठवणीपूर्वी थंड केलेल्या पेट्या पॅलेटवर रचलेल्या, कंटेनर दारात उभा आणि लेबल छापणारी प्रणाली बंद, अशा वेळी छोट्या निर्यातदाराकडे त्या दिवसाच्या लॉटची यादी स्वतःच्या संगणकावर नसेल, तर माल खोळंबतो आणि त्याचा भुर्दंड शेवटी बागायतदाराच्या माथी येतो.

याहून गंभीर अडचण सेवा बदलताना येते. चार-पाच हंगामांच्या फवारणीच्या, मालाच्या आणि तापमानाच्या नोंदी एका कंपनीच्या साच्यात अडकल्या की भाडे वाढले तरी निमूटपणे भरावे लागते, कारण त्या नोंदींशिवाय परदेशी खरेदीदारासमोर उभे राहता येत नाही. युरोपीय संघाने हे ओळखले आहे. 12 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या तेथील डेटा कायद्याने ग्राहकाला एका क्लाउड कंपनीकडून दुसरीकडे जाण्याचा हक्क दिला असून, 12 जानेवारी 2027 पासून त्यासाठी शुल्क घेण्यासही मनाई असेल. भारताचा 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मात्र व्यक्तींच्या माहितीपुरता आहे. पॅकहाउसच्या मालनोंदींना त्याचा आधार नाही.

कायदा होईपर्यंत करार हाच आधार उरतो आणि एकट्या शेतकरी उत्पादक कंपनीला मोठ्या सेवादाराशी घासाघीस करणे जमणारे नाही. म्हणून सर्व नोंदी कोणत्याही संगणकावर उघडतील अशा स्वरूपात केव्हाही काढून घेण्याची मुभा, सेवा संपल्यावर त्या ठरावीक मुदतीत परत देण्याचे बंधन आणि हंगामातील खंडाबद्दल भरपाई ही कलमे असलेला मराठी नमुना करार अपेडाने आणि द्राक्ष बागायतदारांच्या संघटनांनी मिळून येत्या हंगामापूर्वी तयार करावा, आणि तो हाती येईपर्यंत कोणीही दीर्घ मुदतीच्या करारावर सही करू नये.

— एक वाचक, नाशिक