सेंद्रिय आहे, पण शिशाचं काय?



"आम्ही फक्त सेंद्रियच भाजी आणतो," हे वाक्य हल्ली दर दुसऱ्या घरी ऐकू येतं. सांगणारीच्या स्वरात थोडा अभिमान असतो. दुप्पट पैसे मोजल्यावर तो असणारच! पण मी पडले कॉमर्सची पदवीधर. पावती कशाची आहे ते वाचल्याशिवाय खर्च मांडायचा नाही, ही सवय जात नाही. म्हणून विचारते, हे जादा पैसे नेमके कशाचे?

सेंद्रिय प्रमाणपत्र बोलतं ते शेतीच्या पद्धतीबद्दल. रासायनिक खत नाही, रासायनिक फवारणी नाही. उत्तमच! फवारणीत मरणारे जीव वाचतात आणि फवारणाऱ्या मजुराचं शरीरही. पण तुमच्या हातातल्या पालकाच्या जुडीत शिसं किती, कॅडमियम किती, हे त्यावर लिहिलेलं नसतं. हे जड धातू मुख्यतः माती, पाणी आणि धूळ यांतून येतात. मुळांशी जे विरघळलेलं असेल ते रोप ओढून घेतं. त्याला प्रमाणपत्र वाचता येत नाही.

वार्षिक पिकांची जमीन सेंद्रिय ठरायला साधारण दोन वर्षांचा काळ ठेवलेला आहे. तेवढ्यात बरीचशी कीटकनाशकं विघटित होतात. शिसं मात्र मूलद्रव्य आहे, ते विघटित होत नाही. दोन वर्षांनीही ते तिथंच असतं.

जमाखर्च दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. 2014 साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन'मध्ये 343 अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. सेंद्रिय पिकांत कॅडमियम सरासरीनं जवळपास निम्मं आढळलं. फॉस्फेट खताच्या दगडात मुळातच कॅडमियम असतं, हे त्याचं एक कारण मानतात. पण शिसं आणि आर्सेनिक यांत ठळक फरक दिसला नाही. म्हणजे सेंद्रियच्या जमेला कॅडमियम धरा, शिसं नको.

आता मुंबईकडे बघा. लोकलच्या खिडकीतून रुळांलगतचे पालक, लाल माठ, मुळा, भेंडीचे मळे आपण सगळ्यांनी पाहिलेत. 'अधिक धान्य पिकवा' म्हणून रेल्वेनंच या जागा दिल्या. पाणी कुठलं? बऱ्याच ठिकाणी शेजारच्या नाल्याचं. उद्या तिथं शेणखत घातलं, फवारणी थांबवली, म्हणून नाला शुद्ध होईल का? आणि पिकवणाऱ्या गरिबाला शिव्या देऊ नका. नाल्यातलं पाणी त्याच्या घरचं नाही, ते कारखान्यांचं आणि आपल्या इमारतींचं आहे.

काहीजणी म्हणतात, "आम्ही कंदमुळं खातच नाही, आम्हाला काय?" अगं, पालेभाज्या हे धातू चांगलेच साठवतात. आपण पाणी गाळून पितो ते सूक्ष्म जीवांसाठी. विरघळलेलं शिसं कापडात अडकत नाही. भाजी धुतली तर वरची धूळ जाते, आत शोषलेलं जात नाही, उकळूनही उडत नाही. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साचतं आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालतं. नातवंडांच्या ताटाचा प्रश्न आहे हा.

मग भाजी सोडायची का? मुळीच नाही. दुधी, दोडका, पडवळ, घोसाळी या फळभाज्यांत हे धातू सहसा पालेभाज्यांपेक्षा कमी उतरतात, त्यांचा वार वाढवा. एकाच मळ्याची एकच भाजी रोज नको.

आणि मुख्य म्हणजे प्रश्न बदला. "सेंद्रिय आहे का?" एवढ्यावर थांबू नका. "पाणी कुठलं? मातीची धातूंसाठी तपासणी केली का? अहवाल दाखवा," असं विचारा. पालेभाजीला शिशाची मर्यादा किलोला 0.3 मिलिग्रॅम आणि कॅडमियमची 0.2 आहे. हे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवा. आमच्या सोसायटीत येणाऱ्या विक्रेत्याला मी अहवाल मागितला, तर त्यानं पुन्हा तेच प्रमाणपत्र पुढं केलं. एकटीला तो टाळेल, पण वीसजणी मिळून मागू लागल्या तर त्याला तपासणी करावीच लागेल. नाहीच केली, तर वर्गणी काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत आपणच नमुना देऊ. अन्न व औषध प्रशासनाकडेही बाजारातल्या भाजीचे निकाल जाहीर करा म्हणून अर्ज करू.

अहिंसेचं व्रत शेतातल्या किड्यापासून सुरू होतं, हे खरंच. पण ते ताटावर बसलेल्या लेकरापर्यंत पोचायला हवं ना?